घरून काम करताना बर्नआउट आला असेल तर: आधी काय, नंतर काय

घरून काम करणारा माणूस अगदीच कोलमडायला आला की सहसा एकच गोष्ट करतो: आठवड्याची सुट्टी टाकतो. सुट्टीत बरं वाटतं. परत लॉगइन केलं की दोन-तीन दिवसांत खांदे आखडायला लागतात आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. मग त्याला वाटायला लागतं की खोट आपल्यातच आहे, आपल्याला सुट्टीसुद्धा लागू पडत नाही.

यात त्याचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच त्या कर्मचाऱ्यांचा बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आलेली ही कोलमडलेली अवस्था, सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर मोजली. सुट्टीत बर्नआउट उतरला आणि कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा होता तिथे आला. ज्या कामाने माणूस दमला ते काम जसंच्या तसं वाट बघत बसलेलं असेल, तर दुसरं काय होणार?

म्हणून या लेखात सुट्टी सातव्या टप्प्यावर येते. त्याआधी झोप, मग कामाची नोंद, मग कारण, मग स्वतःच्या हातातले बदल, मग मॅनेजरशी बोलणं. सगळं मिळून दोन ते तीन महिने लागतात. घाई करून टप्पे गाळणाऱ्यांचंच बहुतेक वेळा बिनसतं. लेख पगारी नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या वर कुणीतरी काम देणारं आहे त्यांच्यासाठी.

थांबा: जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, छातीत दुखत असेल किंवा सलग अनेक रात्री झोपच लागत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. आजच डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या एका माणसाला तसं सांगा. बाकीचे टप्पे नंतर.

## टप्पा १: हे नक्की काय आहे ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात बर्नआउटची नोंद आजारांमध्ये केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी स्थिती, असं त्याचं वर्णन आहे. तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली ताकद संपल्यासारखा थकवा, कामाबद्दल मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

ऑफिसात या खुणा दुसऱ्यांच्या लक्षात येतात. शेजारी बसणारा विचारतो, "काय, बरं नाही का?" घरी कॅमेरा बंद ठेवला की कुणाला काही कळत नाही, आपल्यालाही नाही. म्हणून घरून काम करणाऱ्यांनी या गोष्टींकडे बघावं:

- लॅपटॉप उघडून पंधरा-वीस मिनिटं नुसतं स्क्रीनकडे बघत बसणं.
- दोन ओळींच्या मेलला अर्धा तास लागणं आणि पाठवल्यावर तो पुन्हा पुन्हा उघडून वाचणं.
- मेसेजचा आवाज आला की पोटात गोळा येणं, मग तो मेसेज कुणाचाही असो.
- ज्या सहकाऱ्याशी कधी वाद नव्हता त्याचं नाव स्क्रीनवर दिसताच चीड येणं.
- लॉगआउट केल्यावर घरच्यांशी बोलायलाही नको वाटणं.

आता तीन गोष्टी वेगळ्या करा, कारण तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

साधा थकवा असेल तर दोन-तीन दिवस पोटभर झोप आणि मोकळा वेळ मिळाला की माणूस ताजा होतो आणि कामाला हात लावावासा वाटतो. बर्नआउटमध्ये शरीराला थोडा आराम वाटतो, पण कामाचा विचार आला की पुन्हा तेच. डिप्रेशनमध्ये कामच काय, ज्या गोष्टी मनापासून आवडायच्या त्याही बेचव होतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ही सगळी लक्षणं एकमेकांत मिसळू शकतात आणि बर्नआउटमधून डिप्रेशनकडे सरकलेली माणसंही असतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर ठरवण्याचं काम स्वतःकडे ठेवू नका. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

शरीराचीही एकदा तपासणी करून घ्या. रक्तात लोह किंवा बी-१२ कमी असणं, थायरॉइडचं काम मंदावणं, झोपेत श्वास अडकणं, या सगळ्यांनी असाच थकवा येतो. कामाची सगळी घडी बदलून टाकायची आणि मग कळायचं की हिमोग्लोबिन उतरलं होतं, असं व्हायला नको.

तपासणी: तीन खुणांपैकी कोणती तुमच्यात सगळ्यात ठळक आहे ते एका वाक्यात लिहून ठेवा. पुढे मॅनेजरशी बोलताना हे वाक्य लागेल.

## टप्पा २: पहिला आठवडा फक्त झोपेसाठी

या आठवड्यात दुसरं काहीही सुधारायला जाऊ नका. व्यायामाचं वेळापत्रक, ध्यानाचं अ‍ॅप, नवी खुर्ची, पहाटे उठण्याचा निश्चय, सगळं बाजूला. दमलेल्या माणसाने स्वतःवर आणखी पाच कामं लादली की तीही अपुरी राहतात आणि 'आपल्याला काहीच जमत नाही' ही भावना आणखी घट्ट होते.

उठण्याची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, त्या हिशेबाने झोपायला जा. ऑफिसचे मेसेज ज्या फोनवर येतात तो झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ वापरा. कॅफिन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा दुपारनंतर ते बंद.

सावध: या आठवड्यात राजीनामा टाकू नका. कर्ज काढू नका, घर बदलू नका, कुणाला रागाचा लांबलचक मेल पाठवू नका. लिहावासा वाटला तर लिहा, पत्त्याचा रकाना रिकामा ठेवा आणि सेव्ह करा.

## टप्पा ३: दोन आठवडे कामाची नोंद

सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात. त्यांना वाटतं, आपल्याला माहीतच आहे काय चाललंय. प्रत्यक्षात थकलेल्या माणसाला दिवसातलं एखाददुसरं भांडण आणि शेवटचा तास एवढंच आठवतं. "काम खूप आहे" याच्या पलीकडे त्याला काही सांगता येत नाही, आणि "काम खूप आहे" यावर कुठलाही मॅनेजर काही करू शकत नाही.

वही घ्या, साधी. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही नोंद ठेवू नका. ती तुमची खासगी वस्तू आहे. चार रकाने करा: वेळ, काय केलं, कुणी सुरू केलं, नंतर कसं वाटलं. शेवटच्या रकान्यात फक्त अधिक किंवा वजा अशी खूण. एखादा दिवस असा दिसेल:

९.१० मेल आणि ग्रुपवरचे मेसेज. स्वतः. वजा.
९.४५ तिमाही रिपोर्ट सुरू केला. ठरलेलं काम. अधिक.
९.५८ "दोन मिनिटं आहेत का?" म्हणून कॉल. चाळीस मिनिटं चालला. सहकारी. वजा.
१०.४० पुन्हा रिपोर्ट. कुठवर आलो होतो तेच शोधत बसावं लागलं. वजा.
११.०० मीटिंग. एकदाही बोलायची वेळ आली नाही. मॅनेजर. वजा.
२१.२० टीम लीडचा मेसेज, "उद्या बघितलंत तरी चालेल." लगेच उघडून पंचवीस मिनिटं काम. स्वतः. वजा.

शेवटची ओळ नीट बघा. मेसेज टीम लीडने पाठवला, पण रात्री काम सुरू केलं ते स्वतः. समोरचा 'उद्या' म्हणत होता. म्हणूनच तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. कामाचा किती भार बाहेरून येतो आणि किती आपण अंगावर ओढून घेतो, हे या एका रकान्यातून उघड होतं. दोन्ही खरे असतात आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात.

नोंद करताना होणाऱ्या चुका:

- रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहिणं. जे घडलं ते तेव्हाच लिहा, तीन शब्द पुरे.
- फक्त 'काम' लिहिणं आणि मधले व्यत्यय सोडून देणं. खरी झीज व्यत्ययांतच होते.
- घरकाम, मुलांचं, आजारी माणसाचं लिहायचं राहून जाणं. दुपारी घरातल्या कामात गेलेला तास रात्री ऑफिसचं काम करून भरला जात असेल, तर तोही नोंदीत दिसायला हवा.
- नोंद सुरू केल्यावर लगेच वागणं सुधारायला लागणं. दोन आठवडे आहे तसंच चालू द्या, नाहीतर खरं चित्र मिळणार नाही.

दोन आठवडे झाले की तीन बेरजा करा. एक, आठवड्याचे एकूण तास: पहिल्या मेसेजपासून शेवटच्या मेसेजपर्यंत, खऱ्या विश्रांतीचा वेळ वजा करून. दोन, दिवसाला किती वेळा सुरू असलेलं काम तुटलं. तीन, ठरलेल्या वेळेबाहेर किती वेळा काम केलं, आणि त्यातलं किती 'स्वतः'.

तपासणी: एकूण तास ५५ किंवा त्याहून जास्त निघाले तर हा विषय मन सांभाळण्यापुरता राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. असं असेल तर पाचवा टप्पा थोडक्यात उरका आणि सहाव्याकडे वळा.

## टप्पा ४: नोंद वाचून कारणाला नाव द्या

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं या विषयात सर्रास होतं. वरिष्ठ अन्याय करत असेल तर श्वासाचे व्यायाम करून काय होणार? आणि काम फक्त जास्त असेल तर नोकरी बदलून नव्या जागी तीच सवय नेली जाते.

बर्नआउटवर आयुष्यभर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू सांगितल्या आहेत जिथे माणूस आणि नोकरी यांचं जुळत नाही: कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला आणि दखल, आपलेपणा, न्याय, आणि मूल्यं. तुमच्या वहीतल्या वजा खुणांवर एकेक करून या सहापैकी एक शब्द लिहा. दोन तासांत चित्र दिसतं.

घरून काम करणाऱ्यांच्या वहीत दोन शब्द अनेकदा पुढे येतात आणि दोन्ही अनपेक्षित असतात. पहिला 'ताबा'. काम फार नसतं, पण कुठला तास कशासाठी हे दुसरंच कुणीतरी ठरवत असतं. कॅलेंडरमध्ये न विचारता मीटिंग येऊन बसते. नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला की कुणाला वाटेल आपण झोपलोय, म्हणून जेवतानाही माउस हलवला जातो. काम करण्यात जेवढी शक्ती जाते त्याहून जास्त काम करतोय हे दाखवण्यात जाते. दुसरा शब्द 'आपलेपणा'. दिवसभर बारा लोकांशी बोलणं होतं आणि सगळं कामाचंच. कुणी हसत नाही, कुणी कसा आहेस विचारत नाही, केलेल्या कामावर फक्त अंगठ्याचं चिन्ह येतं. असा एकाकी थकवा कामाचे तास कमी केल्याने जात नाही, उलट वाढू शकतो.

तपासणी: सहापैकी जास्तीत जास्त दोन शब्द निवडा. सहाही लागू आहेत असं वाटत असेल तर वजा खुणांची संख्या मोजा आणि वरचे दोन घ्या. सगळं एकदम दुरुस्त करायला निघालं की काहीच होत नाही.

## टप्पा ५: जे तुमच्या हातात आहे ते आधी बदला

मॅनेजरकडे जाण्याआधी 'स्वतः' लिहिलेल्या ओळी कमी करा. याला दोन कारणं आहेत. थोडा भार लगेच उतरतो. शिवाय नंतर मॅनेजरसमोर बसल्यावर "माझ्या बाजूने हे हे केलं, तरी एवढं उरतं" असं सांगता येतं, आणि या वाक्याला वजन असतं.

दिवस बंद करण्याची पद्धत. घरून काम करण्यात सगळ्यात मोठी उणीव आहे ती शेवटाची. ऑफिसातून निघालं की वाटेत काम हळूहळू मनातून उतरतं. घरी लॅपटॉपचं झाकण लावलं की पुढच्या क्षणी आपण घरात असतो, डोक्यात मात्र रिपोर्टच चालू. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं कॅलेंडरमध्ये स्वतःच्या नावावर अडवा आणि रोज याच क्रमाने करा:

१. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामासमोर पुढची एकच पायरी लिहा आणि ती कधी करणार ते लिहा. "रिपोर्ट पूर्ण करणे" असं नको. "सकाळी साडेनऊला तिसऱ्या तक्त्यातले आकडे तपासणे" असं हवं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुऱ्या कामाचा नेमका बेत लिहून ठेवला की ते काम न संपताही मनात घोळायचं कमी होतं. काम संपवून मगच उठेन म्हणणारे रोज जादा बसत राहतात, म्हणून ही पायरी पहिली.
२. ज्यांना उत्तर द्यायचं राहिलंय त्यांना एक ओळ: "हे उद्या दुपारपर्यंत देईन."
३. सगळ्या खिडक्या बंद करा, लॉगआउट करा, चॅटवरचं स्टेटस बदला. फोनवरच्या ऑफिसच्या अ‍ॅपचे आवाज बंद.
४. लॅपटॉप नजरेआड ठेवा. वेगळी खोली असेल तर दार लावा. एकाच खोलीत राहत असाल तर कपाटात, पिशवीत, कापडाखाली. त्याच टेबलावर जेवायचं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं आहे.
५. घराबाहेर पडा, दहा मिनिटं का होईना, आणि फोन खिशातच राहू द्या.

पहिले काही दिवस पाचव्या पायरीच्या वेळी हात आपोआप फोनकडे जाईल. जाऊ द्या, पुन्हा खिशात ठेवा. सवय लागायला वेळ लागतो.

मीटिंगा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये केलेल्या एका छोट्या प्रयोगात लोकांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मीटिंगा सलग घेतल्या तेव्हा ताणाच्या खुणा चढत गेल्या. मध्ये दहा मिनिटांची विश्रांती दिली तेव्हा तशा चढल्या नाहीत. तेव्हा तुम्ही बोलावलेली मीटिंग पंचवीस किंवा पन्नास मिनिटांचीच ठेवा. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात स्वतःचा चेहरा सतत दिसणं आणि एका जागी खिळून बसणं ही दोन होती. स्वतःची खिडकी लपवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती वापरा. ज्या मीटिंगमध्ये काही दाखवायचं नाही ती शक्य असेल तर फोनवर, चालत.

मेसेज. तातडीचं आणि बाकीचं वेगळं करा. टीमला एकदाच सांगा: "अगदी अडलं असेल तर फोन करा. मेसेज मी साडेअकरा, दोन आणि पाचला बघतो/बघते." फोन क्वचितच येईल. आपण ज्याला तातडीचं समजत होतो त्यातलं फार थोडं खरंच तातडीचं असतं, हे इथे कळतं.

सावध: घरातल्यांशीही हेच बोलून ठेवा. घरी आहे म्हणजे मोकळा आहे, असा समज असतो आणि स्त्रियांच्या बाबतीत तो फार पक्का असतो. कुठल्या तासात हाक मारायची नाही आणि कुठल्या तासात तुम्ही पूर्णपणे घरच्यांचे, दोन्ही सांगा. दुसरा भाग सांगायचा राहिला की पहिला कुणी पाळत नाही.

हे दोन आठवडे करा. मग पुढे.

## टप्पा ६: मॅनेजरशी बोलणं

तयारी म्हणून एक पान लिहा, एकच. वर तीन आकडे: आठवड्याचे तास, दिवसाला तुटणारी कामं, वेळेबाहेरचं काम. त्याखाली तुमच्याकडे असलेल्या सगळ्या कामांची यादी, प्रत्येकासमोर लागणारा वेळ. सगळ्यात खाली तुमचे दोन किंवा तीन प्रस्ताव.

वेळ मागताना एवढं पुरे: "माझ्या कामाच्या वाटणीबद्दल तुमच्याशी अर्धा तास स्वतंत्र बोलायचं आहे. या आठवड्यात कधी जमेल?" ग्रुपवर लिहू नका. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये किंवा आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी हा विषय काढू नका. सकाळची वेळ चांगली, कॅमेरा सुरू ठेवून.

बोलताना क्रम असा ठेवा. आधी कामाची गोष्ट, मग तुमची, मग प्रस्ताव:

"तिमाही रिपोर्ट आणि नव्या लोकांचं ट्रेनिंग ही दोन्ही कामं वेळेत आणि नीट व्हावीत असं मला वाटतं. सध्या माझ्याकडे सात कामं आहेत आणि आठवड्याला बावन्न तास जातात. गेले दोन महिने थकवा जात नाहीये आणि त्याचा परिणाम कामावर दिसायला लागलाय. तीन मार्ग सुचतात: ट्रेनिंग पुढच्या महिन्यात ढकलणं, रोजचा स्टेटस कॉल आठवड्यातून दोनदा करणं, किंवा रिपोर्टचा एक भाग दुसऱ्या कुणाला देणं. तुम्हाला यातलं कुठलं सोयीचं आहे?"

शेवटच्या प्रश्नात मोठी मदत आहे. "काम कमी करा" म्हटलं की समोरचा हो किंवा नाही म्हणतो. पर्याय ठेवले की तो निवडायला लागतो.

नेहमीच्या चुका:

- इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकाच बैठकीत ओतणं. एका वेळी चौथ्या टप्प्यात निवडलेले दोन शब्द, बाकी नाही.
- सहकाऱ्यांची तुलना. "तो तर पाचला लॉगआउट करतो" हे वाक्य निघालं की चर्चा त्याच्यावर जाते.
- घरगुती अडचणींची लांब यादी. त्या खऱ्या असतात, पण मॅनेजर त्या सोडवू शकत नाही आणि मग कामाचा भाग बाजूला पडतो.
- आजाराचा तपशील गरजेपेक्षा जास्त सांगणं. "डॉक्टरांचा सल्ला चालू आहे" एवढं पुरतं.
- मॅनेजर समजूतदारपणे बोलला म्हणून काम झालं असं समजून उठणं. काय, कोण, कधीपासून हे ठरल्याशिवाय बैठक संपवू नका.

त्याच दिवशी मेल पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे ट्रेनिंग पुढच्या महिन्यात, स्टेटस कॉल सोमवार आणि गुरुवार. तीन आठवड्यांनी पुन्हा आढावा घेऊ." लेखी नसलेली सवलत कामाच्या पहिल्या गर्दीत वाहून जाते.

मॅनेजरने टोलवलं तर लगेच वर तक्रार करू नका, एकदा पुन्हा विचारा: "मग या सातपैकी कुठलं काम उशिरा झालेलं चालेल?" तरीही उत्तर मिळालं नाही तर त्या बैठकीचाही मेल पाठवा आणि एचआरकडे तेच एक पान घेऊन जा. कंपनीचं धोरण वाचून ठेवा. काही देशांत कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आहे: फ्रान्समध्ये तो २०१७ पासून लागू आहे. तुमच्या ठिकाणी काय नियम आहे ते माहीत असलेलं बरं. आणि मॅनेजर स्वतःच त्रासाचं कारण असेल, अपमान करत असेल, तर ही बैठक वगळून थेट एचआरकडे जा, नोंदीच्या तारखांसह.

## टप्पा ७: आता सुट्टी

बदल लेखी ठरले, सुरू झाले, मग सुट्टी. शक्य असेल तर सलग एक आठवडा किंवा जास्त. तुमच्या कामाला कोण जबाबदार, काय थांबवता येईल, काय नाही, हे हँडओव्हरमध्ये लिहा. "लागलं तर फोन करा" हे वाक्य त्यात घालू नका. ते लिहिलं की फोन येतोच. ऑफिसची अ‍ॅप फोनवरून काढून टाका, परत टाकायला पाच मिनिटं लागतात.

सुट्टीत काय करावं? झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या ज्यांनी माणूस कामातून सावरतो: कामाचा विचार सुटणं, आराम, काही नवं शिकण्याचा आनंद, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. लोक दुसऱ्या गोष्टीवर थांबतात आणि आठ दिवस पडून राहून स्क्रीन बघतात. पहिले दोन-तीन दिवस झोपा, खुशाल. त्यानंतर रोज एक तास हाताने किंवा अंगाने करायचं काहीतरी ठेवा, ज्याचा कामाशी संबंध नाही आणि ज्यात कुणी गुण देणार नाही.

सावध: सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत डोकं दुखणं, चिडचिड, अपराधी वाटणं असं काहींना होतं. घाबरून लॅपटॉप उघडू नका.

## टप्पा ८: परतणं, आणि पुन्हा मोजणं

आठवड्याच्या मध्यावर परता, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच राहील. पहिल्या दिवशी मीटिंग घेऊ नका, सुट्टीवर जाण्याआधीच तो दिवस कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. साठलेले सगळे मेल वाचत बसण्यापेक्षा हँडओव्हर घेतलेल्या माणसाशी वीस मिनिटं बोला आणि काय महत्त्वाचं ते विचारा. दिवस बंद करण्याची पद्धत पहिल्याच संध्याकाळपासून चालू.

चौथ्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस वही भरा आणि त्याच तीन बेरजा करा. आकडे उतरलेले असतील पण थकवा तसाच असेल, तर डॉक्टरांकडे परत जा, पहिल्या टप्प्यात काहीतरी सुटलं असावं. थकवा उतरला असेल पण आकडे पुन्हा चढत असतील, तर मॅनेजरसोबतचा ठरलेला आढावा लगेच मागा, वाट बघू नका. दोन्ही जागच्या जागी असतील आणि ठरलेलं काहीच पाळलं गेलं नसेल, तर ती जागा बदलायचा विचार आता करा, शांत डोक्याने, नोकरी चालू ठेवून.

नव्या ठिकाणी मुलाखतीला गेलात की पगाराइतकंच हे विचारा: या टीमचा दिवस साधारण किती वाजता संपतो? रात्री मेसेज आला तर उत्तर कधीपर्यंत अपेक्षित असतं? एखादा सुट्टीवर गेला की त्याचं काम कोण बघतं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा थोडा अडखळला आणि "आम्ही सगळे सांभाळून घेतो" असं म्हणाला, तर नाव विचारा. गेल्या वेळी कोणी सांभाळलं होतं?